कानपिळीचा बाजा

पहिलं सबंध वर्ष मी माउथ ऑर्गन नकळत उलटा धरून वाजवला. उलटा म्हणजे वरची बाजू खाली. जाड आवाजाचे सूर डाव्या हाताला असायला हवेत, ते माझ्या उजव्या हाताला. बारीक आवाजाचे उजवीकडं हवेत, ते डावीकडं. आमच्या सगळ्या न्हावरे गावात दुसरा माउथ ऑर्गन नव्हता, त्यामुळे चूक दाखवणारं कुणी नव्हतं. आणि ज्या एका माणसाला ती ठाऊक होती त्यानंच ती मला शिकवली होती. तो माणूस म्हणजे माझे दाजी, अक्काचे यजमान. त्यांच्यावर सूड उगवणं हा माझ्या आयुष्यातला एकमेव उद्योग, जो मी नेटानं आणि मन लावून केला. शिक्षण, शेती आणि पुढं कारेगावच्या कारखान्यातली नोकरी ही सगळी मधल्या वेळात उरकलेली कामं.

सुरुवात कानापासून झाली. अक्काचं लग्न आमच्या दारात, लिंबाखाली मांडव घालून लागलं. नवरदेव दौंडचे, रेल्वेत फिटर, केसांचा पुढं कोंबडा काढलेला, बोलण्यात मधूनमधून हिंदी. आमच्याकडं लग्नात कानपिळी असते. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्यानं काहीतरी देऊन तो सोडवून घ्यायचा. खरं तर भावानं नुसता हात लावायचा असतो. चार माणसं हसतात, नवरदेव शर्टाचं कापड नाहीतर टोपी देतो, संपलं. पण माझ्या चुलतभावांनी आदल्या दिवशीच मला गोठ्यामागं नेऊन पढवलं होतं, "बबन्या, रेल्वेचा माणूस हाय. घड्याळ निघाल्याबिगर कान सोडायचा न्हाई." मी तेव्हा नववीत होतो आणि मनगटी घड्याळासाठी मी कुणाचाही कान मुळासकट काढून दिला असता. त्यात आमचं घर फुलांचं. उजाडल्यापासून झेंडू खुडायचा आणि त्यासाठी अंगठ्याचं नख राखलेलं असायचं. देठात रुतवलं की फूल कट्‌कन हातात येतं. तेच नख मी दाजींच्या कानाच्या पाळीत रुतवलं आणि पिळलं. दाजी आधी हसले. मग हसायचे थांबले. भटजी म्हणाले, "पुरे बाळ, पुरे." मी म्हणालो, "घड्याळ." दाजींनी एका हातानं कान धरला, दुसऱ्या हातानं खिसा चाचपला आणि हाताला जे लागलं ते माझ्या तळव्यावर ठेवलं. वीतभर लांब, पत्र्याचा, एका कडेला भोकंच भोकं असलेला चपटा डबा होता तो. मी तो कानाला लावून पाहिला, टिकटिक येईना, तेव्हा भर मांडवात विचारलं, "ह्याचे काटे कुठं हायती?"

शिरूरहून आलेल्या फोटोग्राफरनं नेमकं तेव्हा बटण दाबलं. पुढं रोल धुताना काय झालं कुणास ठाऊक, पण अक्काच्या लग्नाचा तेवढा एकच फोटो नीट आला, बाकीचे काळे. त्या फोटोत अक्का मान खाली घालून उभी आहे आणि शेजारी नवरदेव, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखे, कान धरून. मी फोटोत नाही. कडेला माझा हात तेवढा आलाय, अंगठ्यासकट.

तो माउथ ऑर्गन दाजींच्या खिशातला म्हणजे दाजींच्या तोंडातला, म्हणजे आईच्या लेखी उष्टा. "दुसऱ्याच्या तोंडातलं तोंडात घालतोस, मेल्या? जावई झालं म्हणून काय झालं," असं म्हणून तिनं तो पितळेच्या भांड्याबरोबर चिंच आणि राख लावून काथ्यानं खसाखसा घासला आणि बादलीत बुचकळून पत्र्यावर वाळत घातला. वरून तो देवाच्या घंटेसारखा चमकायला लागला. आतल्या लाकडी पट्ट्या मात्र पाणी पिऊन फुगल्या आणि भोकांतून दातांसारख्या बाहेर आल्या. मी पहिल्यांदा ओठ फिरवला तेव्हा खालच्या ओठाचं सालच निघालं. उन्हात ठेवून ठेवून पट्ट्या परत आत गेल्या, पण पहिला महिनाभर माझ्या संगीताला चिंचेची आंबट चव होती आणि थोडी रक्ताची. आज माझी नातवंडं विचारतात, आजोबा तुम्ही कोणत्या क्लासला गेला होता. मी त्यांना ओठाचा व्रण दाखवतो.

लग्नानंतर पाचपरतावणाला अक्का आणि दाजी पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा दाजींच्या कानाला जांभळं औषध फासलेलं होतं. मी लांबूनच नमस्कार केला. दाजी मात्र गोड हसले. "काय मेव्हणे, वाजतंय का?" मी जोर लावून फुंकलं. एकदम चार-पाच भोकांतून हवा गेली आणि ओट्यावरच्या कोंबड्या अंगणात उडाल्या. "या, बसा. शिकवतो," दाजी म्हणाले आणि मला शेजारी बसवून घेतलं. अक्का दारात गवार मोडत बसली होती आणि गालातल्या गालात हसत होती. नवीन लग्न झालेल्या बायका हसतातच, असं मला वाटलं.

"हे बघ बबन," दाजी म्हणाले, "एका बाजूला आकडे आहेत, एका बाजूला नक्षी. नक्षी वर, आकडे खाली."

"आकडे खाली कशाला? दिसणार न्हाईत की."

"आकडे बघून वाजवतो तो कारकून. कलाकार नक्षी वर ठेवतो."

हे मला पटलं. अजूनही, खरं सांगायचं तर, वाक्य म्हणून पटतं. बाकीचं सगळं दाजींनी अगदी खरं शिकवलं, आणि त्यातच त्यांची लबाडी होती. एका वेळी एकच भोक. ओठांचा चंबू शिट्टी मारल्यासारखा. फुंकलं की एक सूर, आत ओढलं की दुसरा. गाल फुगवायचे नाहीत, पोटातून श्वास घ्यायचा. एका खोट्याभोवती एवढं खरं रचल्यावर खोटं शोधणार कोण? स्वतःसाठी त्यांनी पुण्याहून नवा माउथ ऑर्गन आणला होता. तो ते दोन्ही हातांच्या ओंजळीत असा झाकून वाजवायचे की नक्षी वर आहे का आकडे, बघणाऱ्याला दिसू नये. आणि वाजवायचे काय! त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर अर्धी आळी जमली. तेव्हा लग्नाच्या प्रत्येक बँडवर वाजणारं एक सिनेमातलं गाणं त्यांनी असं काही काढलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, फुलांचे हार ओवता ओवता दोरा तसाच धरून बसले. आप्पा गाणी ऐकणाऱ्यांतले नव्हते. पाटाच्या पाण्याचा आवाज सोडला तर त्यांना कसला आवाज आवडल्याचं मला माहीत नव्हतं. मी त्या क्षणी ठरवलं, हेच गाणं आपण वाजवायचं, आणि आप्पांचा दोरा असाच थांबवायचा.

मग वर्षभर आमच्या घराला शांतता मिळाली नाही. शेतात विहिरीवरच्या मोटारीची घरघर चालू असायची, तिच्या आडोशानं मी वाजवायचो, कारण तिच्यापुढं माझं ऐकू जात नाही असा माझा समज होता. शिकाऊ माणसाची पहिली खोड म्हणजे तो नुसतं फुंकतो, ओढायचं विसरतो. मीही फुंकत राहायचो, फुंकत राहायचो आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. एकदा तर शेवंतीच्या वाफ्यात आडवाच झालो. आप्पा खुरपं टाकून धावत आले. "काय खाल्लंस रं?" मी म्हणालो, "हवा." त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेऊन खात्री करून घेतली, कारण शेजारच्या वस्तीवर काय गळतं ते त्यांना ठाऊक होतं. घरी आलो की गोठ्यात बसायचो. तिथं आमची गोदी नावाची म्हैस होती, स्वभावानं चांगली, पण कानानं फार चोखंदळ. मी सूर धरला की ती पान्हा चोरायची. आई बादली घेऊन तासभर बसली तरी खाली तांब्याभर दूध. शेवटी आईनं फर्मान काढलं, "धारंच्या वक्ताला बाजा वाजला तर बाजा आन् तू, दोघं बी उकिरड्यावर." डेअरीवाल्यानं एकदा विचारलंही, "मामी, म्हस आटली का?" आई म्हणाली, "म्हस बरी हाय. पोरगं बिघडलंय."

पण वर्षाच्या शेवटाला गाणं यायला लागलं. तुटक, धापा टाकत, पण ओळखू येण्याजोगं. बारीक सुराला मी बाजा उजवीकडं सरकवायचो, जाड सुराला डावीकडं, आणि मला वाटायचं जग असंच चालतं.

गणपतीत अक्काचं बोलावणं आलं. दाजींनी त्यांच्या रेल्वे कॉलनीत पोरांचा एक ताफा उभा केला होता, सगळे माउथ ऑर्गनवाले, आणि मंडळाच्या कार्यक्रमात तेच गाणं वाजणार होतं. अक्कानं निरोप धाडला, बबनलाही पाठवा. चौफुल्याला गाडी बदलून, इस्त्रीचा शर्ट सुरकुतू नये म्हणून निम्मा प्रवास उभ्यानं करून मी दौंडला पोचलो. दौंड म्हणजे माझ्या दृष्टीनं तेव्हा लंडनच. रात्रंदिवस इंजिनं शिट्ट्या मारतात, शेजारच्या घरातून तमिळ ऐकू येतं, पलीकडच्या घरातून केकचा वास, आणि जेवताना गाडी गेली की ताटातली आमटी हलते. मी म्हणालो, "दाजी, एकदा तालीम करू." दाजी म्हणाले, "तुला कशाला तालीम? वर्षभर तेच करतोयस ना."

स्टेजवर आम्हाला खांद्याला खांदा लावून उभं केलं. मी मधोमध. समोर सगळी कॉलनी, पहिल्या रांगेत खुर्चीवर दाजींच्या आई, त्यांच्यामागं अक्का. दाजींनी हात वर केला, गाणं सुरू झालं. पहिली ओळ सपाट जागेवरची होती, ती निभावली. दुसऱ्या ओळीला सूर चढतो. चढल्याबरोबर सगळ्या पोरांचे बाजे एका कवायतीत डावीकडं सरकले आणि माझा एकट्याचा उजवीकडं. खाड्‌! उजवीकडच्या पोराच्या बाजावर माझा बाजा आपटला. "अबे, उधर किधर?" तो तोंडातून बाजा न काढताच म्हणाला. मला वाटलं, चुकला बिचारा. तिसऱ्या ओळीला सूर उतरतो. सगळ्यांचे उजवीकडं, माझा डावीकडं. खाड्‌! आता डावीकडचा. त्याचा ओठ फुटला. मी तरीही थांबलो नाही. दोन्ही बाजूंची पोरं चुकतायत आणि आपण एकटे बरोबर आहोत, ही माझी खात्री दोन कडवी टिकली. चढताना उजव्याला, उतरताना डाव्याला, असा मी त्या ओळीत मळणीच्या बैलासारखा फिरत राहिलो. लोक आधी कुजबुजले, मग हसले, मग काहीजण खुर्च्यांवर उभे राहून बघायला लागले. शेवटी उजवीकडच्या पोरानं माझा बाजा हिसकावला, बघितला आणि माइकवर ओरडला, "अरे, ये उल्टा पकड़ा है!"

सगळ्यात मोठ्यानं दाजी हसले. डोळे पुसत स्टेजवर आले. "अरे बबन, मी गंमत केली होती रे! मला वाटलं, आठवड्याभरात कळेल तुला." आणि दाजींच्या आई, ज्या सहसा गुडघ्यांशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नसत, त्या सुनेकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "का गं सूनबाई, तुझ्या भावाचा बाजाच उलटा हाय का डोकं बी?"

मी घरी पोचायच्या आत ते नाव न्हावऱ्यात पोचलं. उलटा बाजा. एसटी थांबली की कंडक्टर म्हणायचा, "या उलटा बाजा, पुढच्या दारानं का मागच्या?" शिरूरच्या फूलबाजारात आप्पांना लोक "उलट्या बाजाचे वडील" म्हणून ओळखायला लागले. मग मी बाजा बाहेर काढला की आप्पा उठून मोटार बघायला जायचे. दोरा थांबायच्या ऐवजी माणूसच उठून जायला लागलं. हे मला फार लागलं. नाव पुसायचं तर ते ज्यांच्यापुढं पडलं त्यांच्यापुढंच पुसायला हवं होतं, आणि त्या वेळी दाजींची फजिती व्हायला हवी होती. दोन्ही एकदम. एकावर माझं समाधान होणार नव्हतं.

मी बाजा सुलटा करून पाहिला. काही जमेना. डाव्या हातानं जेवायला बसल्यासारखं व्हायचं. मग मी हट्टाला पेटलो. उलटाच वाजवीन आणि दाजींपेक्षा भारी वाजवीन. तिन्हीसांजेला फुलांच्या करंड्या भरून झाल्या की मी विहिरीच्या कठड्यावर बसायचो आणि प्रत्येक सुराला मनात दाजींचा तो दुसरा, धड असलेला कान पिळायचो. सरावाला याच्यासारखं दुसरं औषध नाही. प्रेमानं वाजवणारे लवकर कंटाळतात, असं माझं आजही मत आहे.

दाजींची फजिती कशी करायची ते मला दिवाळीत सापडलं. अनारसा खाल्ला आणि तसाच बाजा तोंडाला लावला. चौथा सूर मुका झाला. फुंकून पाहिलं, आपटून पाहिलं, उन्हात ठेवला, काही नाही. आठवड्यानं आपोआप काय बाहेर पडलं? खसखशीचा एक दाणा. आतली पितळेची पट्टी केसाएवढ्या फटीत थरथरते, तिथं तो दाणा जाऊन बसला होता. मी तो दाणा बोटावर घेऊन बराच वेळ बघत राहिलो. शत्रूला मारायला एवढुसं हत्यार पुरतं हे मला त्या दिवशी समजलं.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात अधिक महिना लागला. हा महिना जावयांचा. जावयाला सासरी बोलवायचं, पाटावर बसवून पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे जेवायला घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. दाजी येणार, दाजींच्या आई येणार, दौंडचे दोन-चार पाहुणे येणार आणि जेवणानंतर दाजींना वाजवायचा आग्रह होणार, हे ठरलेलंच. जावई आग्रह मोडत नाही. माझं काम एवढंच होतं, की आग्रहाआधी त्यांच्या दातांत भरपूर खसखस असावी. ते वाजवतील, सूर अडकेल, दाजी बाजा आपटत बसतील. तेवढ्यात मी उठेन, माझा बाजा काढीन आणि तेच गाणं, उलटंच धरून, शेवटपर्यंत वाजवीन. दौंडही ऐकेल, न्हावरंही ऐकेल आणि आप्पाही उठून जाणार नाहीत.

मी स्वतःहून अनारसे करायला बसलो. आई म्हणाली, "आज बरं सुचलं." अक्का आदल्या दिवशीच आली होती आणि चुलीपुढं बसून अनारसे तुपात सोडत होती. थापताना मी काही अनारशांना दुप्पट खसखस लावली. तळून निघाल्यावर ते गरम असतानाच वरून आणखी कोरडी खसखस भुरभुरवली, दातांत मोकळी सुटेल अशी. ते ओळखू यावेत म्हणून कडेला अंगठ्याच्या नखाची चंद्रकोर उमटवली.

"ह्ये नख कशापायी रं?" अक्कानं विचारलं.

"दाजींच्या ताटाचे हायती. वेगळे ठेव. निवडून केल्यात."

अक्कानं एक अनारसा उचलून उजेडात धरला, चंद्रकोर बघितली, माझा अंगठा बघितला. "व्हय का," म्हणाली. "ठिवते की."

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली पंगत बसली. दाजी मानाच्या पाटावर, समोर समई, आई त्यांच्या पायांवर पाणी घालतेय. मी त्यांच्या समोरच्या ओळीत बसलो होतो. वाढायला अक्का. दाजींनी धोंडे खाल्ले, दूध-तूप ओरपलं, मग अनारशाला हात घातला. मी त्यांच्या तोंडाकडं डोळे लावून बसलो. कुड्डुम. एक गेला. "आणखी घ्या की दाजी," मी म्हणालो. "काय मेव्हणे, आज लई प्रेम?" दाजी म्हणाले आणि दुसरा उचलला. मला इतका आनंद झाला की त्यांच्या प्रत्येक घासाबरोबर मीही एकेक घास घेत होतो, आपल्या ताटात काय आहे ते न बघता. त्यांना चूळ भरता येऊ नये म्हणून पाण्याचा तांब्या मी आधीच तुळशीमागं दडवला होता. जेवणं उरकताच मीच आरोळी दिली, "दाजी, बाजा!" आळी म्हणाली, "व्हय व्हय, बाजा!" आप्पा हार ओवायला बसले होते, ते म्हणाले, "वाजवा जावईबापू. लई दिवस झालं."

दाजींनी खिशातून माउथ ऑर्गन काढला, ओंजळीत धरला आणि सुरू केलं. पहिली ओळ. मी वाट बघितली. दुसरी ओळ चढली. आता अडकेल. तिसरी उतरली. आता. सबंध गाणं दुधात साखर विरघळावी तसं पार पडलं, शेवटचा सूर त्यांनी मुद्दाम लांबवला, आणि आप्पांच्या हातातला दोरा थांबलेला होता.

टाळ्या ओसरल्यावर दाजी म्हणाले, "आता मेव्हण्यांचं ऐकू. बबन, उलटा तर उलटा, होऊन जाऊ दे." ते चांगल्या मनानं म्हणाले होते का वाईट, यावर मी पुढं कित्येक वर्षं विचार केला. पण त्या क्षणी मागं फिरणं शक्य नव्हतं. मी उठलो. आकडे खाली, नक्षी वर. पहिली ओळ वाजली, आणि अशी वाजली की दाजींच्या आईंनी गुडघा चोळायचा थांबवला. मी आप्पांकडं बघितलं. ते उठले नव्हते. दुसरी ओळ चढायला लागली, मी जोरात श्वास आत ओढला, आणि चौथा सूर मुका झाला. मग पाचवा. सहाव्यातून मांजर दारात सापडल्यासारखा आवाज आला. मी घाबरून आणखी जोरात ओढलं आणि तोंडात राहिलेली सगळी खसखस एकदम घशात गेली. ठसका असा लागला की डोळे बाहेर आले. आई पाठीत बुक्क्या घालतेय, कुणीतरी पाणी पाणी ओरडतंय, आणि तांब्या कुठं आहे हे फक्त मला माहीत, आणि मला बोलता येत नाही. हातानं मी तुळशीकडं खुणा करत होतो. लोकांना वाटलं, मी देवाला हात जोडतोय. दाजींच्या आई म्हणाल्या, "आता गं बाई, ह्यो तर बाजाच गिळतुया!"

शेवटी दाजींनीच घरातून पाणी आणून मला पाजलं. भानावर येऊन मी माझ्या ताटाकडं बघितलं. अर्धा अनारसा उरला होता. त्याच्या कडेला नखाची चंद्रकोर होती.

दाजींनी ताट बदललं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही. आप्पा हार तसाच टाकून मोटार बघायला गेले होते. तिथून पुढं मी काही माणूस राहिलो नाही. दाजींच्या रात्रपाळ्या असायच्या, ते दिवसा झोपायचे. म्हणून भाच्याच्या प्रत्येक वाढदिवसाला मी त्याला वाजणारी वस्तू दिली. ताशा, पिपाणी, डमरू, एकदा तर शाळेची जुनी पितळी घंटा. उसाच्या कोरड्या पाचटात बसवून दाजींना अंगभर खाज आणली. शिरूरच्या बाजारात त्यांच्यासाठी मुद्दाम सगळ्यात जहाल मिरची निवडून चटणी करवून पाठवली. दाजींनी कधी एका शब्दानं विचारलं नाही, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्याचाही मी सूड घेतला.

गेल्या भाऊबीजेला दौंडला गेलो होतो. दाजी आता थकलेत, त्याच पिळलेल्या कानानं कमी ऐकू येतं, खिडकीपाशी बसून जाणाऱ्या गाड्या मोजतात. भिंतीवर तोच फोटो आहे. अक्कानं मला पाटावर बसवलं, ताम्हनात निरांजन घेऊन समोर उभी राहिली आणि ओवाळता ओवाळता, आमटीला मीठ कमी पडलंय अशा सहजपणे म्हणाली, "उलटा धरायला शिकवा म्हणून मीच सांगितलं व्हतं ह्यांना. पाचपरतावणाला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "तू?"

"मग कोण? ह्यांना तर चार दिसांत तुझी कीव आली व्हती. म्हणले, सांगून टाकू का पोराला. मी म्हणलं, सांगाल तर बघा."

"आन् ताट?"

"त्ये बी मीच बदललं. नखाची खूण करून ठिवली व्हतीस, मला सोपं गेलं."

"अक्का, पण का गं?"

तिनं निरांजन फिरवायचं थांबवलं आणि मानेनं भिंतीकडं दाखवलं. "तुला घड्याळ पायजे व्हतं. मला एक फोटू पायजे व्हता, बबन. पाचपरतावणाच्या आधीच फोटू धुऊन आले, त्यात एकच धड, आन् त्यात नवरा कान धरून उभा. पोरं इचारायची, आई, बाबांना कुणी मारलं गं? आन् तू काय केलंस? त्यांच्या झोपंवर ताशे धाडलंस. ह्ये कानात बोळं घालून निजायचे. दिसभर ऐकला कुणी तो ताशा?"

खिडकीपाशी दाजी आमच्याकडं बघून हसले. काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी भलत्याच माणसाला छळत आलो होतो, आणि खरा गुन्हेगार दर दिवाळीला मला ओवाळत होता. मला हसावं का रडावं कळेना. पण इतक्या वर्षांचा राग काही एका मिनिटात जागेवर बसत नाही. तो कुठंतरी काढायला हवा होता. मी म्हणालो, "अक्का, तू माझं वाटोळं केलंस. तवा सरळ शिकवलं असतं ना, तर आज मी कुठल्या कुठं असतो. रेडिओवर वाजवलं असतं मी."

अक्कानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, त्यावर अक्षता दाबल्या आणि अनारशाचं ताट पुढं सरकवलं.

"गप खा," ती म्हणाली. "सरळ धरला असतास तरी असाच वाजवला असतास."